बी फेजचा काउंटर

भोसरीच्या सबस्टेशनात रात्रपाळीला
मी तीन आकडे लिहायचो.
आर, एकोणीस. वाय, बावीस. बी, एकेचाळीस.
छापील लॉगबुकात त्यांना रकाना नव्हता.
अत्तारसाहेबांनी तो पट्टीनं आखून दिला,
म्हणाले, झेलणाऱ्याची मोजदाद
कुणीतरी ठेवावी.

लोकांना वाटतं, गच्चीवरचा त्रिशूळ म्हणजे झालं.
त्रिशूळ भिंती वाचवतो, बाबांनो.
तारेवरून चालत येणारी त्याला विचारत नाही.
ती चाकणकडं कुठंतरी लाइनवर पडते
आणि चपला न काढता
थेट ट्रान्सफॉर्मरच्या घरात शिरू बघते.
वाटेत हा उभा. तपकिरी चिनीमातीचा,
डोकं तारेला, पाय मातीत,
एक लाख बत्तीस हजार व्होल्टांना
रात्रंदिवस नाही म्हणत.
मग पापणी हलायच्या आत एकदाच, हो.
सगळं अंगातून खाली जाऊ देतो.
आणि लगेच पुन्हा नाही.
साहेब म्हणायचे, हो कुणीही म्हणेल रे.
पुन्हा नाही म्हणता येणं, ते खरं काम.

स्टोअरच्या फळीवर त्यांनी जुनी शिंगं जपलेली,
तांब्याच्या दोन वाकड्या सळ्या.
ठिणगी त्यांच्यावर चढत जायची, वर वर रुंदावत,
दमून विझायची; कधी नाहीच विझायची,
मग अख्ख्या लांडेवाडीत काळोख.
त्यानंतर थायराइटवाले आले, पोटात फट ठेवून.
पावसाळी ओल आत शिरली की कुजायचे,
बाहेरून कळायचं नाही.
आताच्यांच्या पोटात जस्ताच्या करड्या चकत्या.
फट नाही, शिंग नाही.
माझी मुलगी रांगती होती तेव्हा
तिच्या पुरळावर लावायच्या मलमात
हेच जस्त होतं.
नळीवर वाचलं आणि
मलम हातात तसंच राहिलं थोडा वेळ.

मातीचंही बघावं लागतं.
उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांना मी पाणी घालायचो.
नवीन पोरं हसायची, काका, काय लावलंय?
काही नाही. कोळसा आणि मीठ.
खाली कोरडं असेल तर
वरचा कितीही शहाणा असो, देणार कुणाला?

चित्रा नक्षत्रात, दोन वाजून अकरा मिनिटांनी
कंट्रोल रूमच्या काचा पांढऱ्या झाल्या.
आवाज नंतर आला.
ब्रेकर पडला, आणि मग ती शांतता,
ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीची सवय झालेल्या कानांना
कुणी हात लावल्यासारखी.
टॉर्च घेऊन गेलो.
बी फेज खडीवर पसरला होता,
तुकडे अजून कोमट, पावसात वाफाळत.
ट्रान्सफॉर्मर धडधाकट.
एमआयडीसीत लेथ थांबले असतील अर्धा तास,
कुणी घड्याळ पुन्हा लावलं असेल,
कुणी आम्हाला शिव्या घातल्या असतील. घालणारच.

पहाटे साहेबांना फोन केला, कासारवाडीला.
हात थरथरतात आता त्यांचे, सून कानाला धरते.
बी गेला, म्हटलं.
आकडा?
काउंटर फुटलाय. एकेचाळीसवर.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाले, शेवटचा धरलाच ना त्यानं?
ट्रान्सफॉर्मर उभा आहे ना?
लिही बेचाळीस.

लिहिलं. निळ्या शाईनं.
आठवड्यानं चौकशीला आलेल्या साहेबांनी
बोट ठेवून विचारलं,
हे रीडिंग कशावरून?
मी खिडकीतून यार्डात बघितलं.
नवा बसवला होता, चकचकीत,
काउंटरवर तीन शून्यं.
म्हटलं, साहेब,
ट्रान्सफॉर्मरचा आवाज येतोय ना, त्यावरून.

त्यांनी सही केली नाही.
रकाना मात्र आहे अजून,
आणि खड्ड्यांना पाणी घालायचं राहिलंय आज.